अर्ज कुणी करायचा?

२०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून गदारोळ झाला आणि आमच्या एका निवृत्त प्राचार्यमित्रांना कंठ फुटला. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागणारे निम्मे सोंगाडे असतात, असं ते व्याख्यानांतून सांगत असतात. निम्मे! हा आकडा कुठल्या खानेसुमारीतला, हे विचारायचं नसतं.

सोंग किती महाग पडतं ते तरी पाहू. डिस्लेक्सिया असलेली एक मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला येते. दहावी-बारावीचे सगळे कागद आईने शाळेत खेटे घालून केलेले. आता परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे ती एकटी उभी. मूळ दाखला, झेरॉक्स, प्राचार्यांची सही. स्वतः लेखनिक आणायचा तर तो शिक्षणाने तिच्याहून खालचा हवा. मिळतो तो अकरावी सायन्सचा शेजारचा पोरगा, त्याचीही त्याच आठवड्यात चाचणी. जर्नल एन्ट्रीत नावे कुठे आणि जमा कुठे, हे त्याला सांगताना पर्यवेक्षक दरडावणार, ‘बोलू नका!’ नियमाने तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, त्यांतली कितीतरी यातच जातात.

सर्वांना सारखे तीन तास, हाच न्याय, असं प्राचार्य म्हणतात. अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारलं होतं, समता खरी, पण कशाची? कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाला इतरांइतकाच पैसा दिला म्हणून त्याला इतरांइतकं हिंडता-फिरता येत नाही. एकूण सुखाची बेरीज वाढवू पाहणारा उपयुक्ततावाद तर त्याला कमीच द्यायला निघतो, कारण त्याच पैशातून त्याला सुख कमी मिळतं. वाटप मोजून भागत नाही, त्या वाट्यातून माणसाला काय करता येतं ते बघावं लागतं, हा सेन यांचा मुद्दा. तीन तासांचंही तेच. घड्याळ सर्वांचं सारखं चालतं. प्रश्नपत्रिकेवरची अक्षरं सर्वांना सारखी लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अटही सक्तीची नाही असं सांगितलं. प्राचार्यांनी तो निकाल वाचलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

त्यांचा एक वार मात्र मला चुकवता येत नाही. असे दाखले शहरातल्या, ऐपतदार घरांतल्या मुलांकडेच का दिसतात? खरं आहे. तालुक्याच्या गावात तेच मूल ‘ढ’ ठरतं आणि दहावीच्या आत शाळा सोडतं. त्याच्यासाठी दाखला नाही, खिडकी नाही, अर्जही नाही. त्यामुळे माझा रोख आता बदलतो. मागणाऱ्यांचं समर्थन करत बसण्यापेक्षा, मागण्याची ही रीतच कशाला हवी, हे विचारायला हवं. २०१६च्या कायद्याचं १७वं कलम परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचं काम शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकतं. आपण ते अठरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधलं आहे, आणि वर सोंगाडी म्हणायला मोकळे!

 

प्राचार्यमहाशय, तुमच्या संस्थेच्या नियामक मंडळात तुमचा शब्द अजून चालतो. जूनच्या प्रवेशअर्जात प्रत्येकाला विचारा, वाचायला, लिहायला, ऐकायला, चालायला काय मदत लागेल? लेखनिकांची यादी शेजारच्या ज्युनियर कॉलेजकडून तुम्हीच आणा. शंका येईल तिची तपासणी कॉलेजच्या खर्चाने करा. सोंगं मोजायची असतील तर त्यानंतर मोजा.