भार कोणत्या पायावर?



दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातला एक तरुण मला भेटायला आला. तो पुण्यात खगोलशास्त्रात पीएच.डी. करतो. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे, नाव मात्र सांगत नाही. त्याने चहाचा कप उचलला तेव्हा माझे लक्ष त्याच्या बोटांकडे गेले. टोकांची कातडी सोलवटलेली, नखांच्या कडा झिजलेल्या. मी म्हणालो, “अरे, तू संगणकावर काम करतोस की पाथरवटाकडे?”

तो हसला आणि मला ‘बोल्डरिंग’ म्हणजे काय ते सांगू लागला. यात डोंगर सर करायचा नसतो, दोरही बांधायचा नसतो. तीन-चार मीटर उंचीचा एखादा धोंडा निवडायचा आणि त्याच्या अवघड बाजूने नुसत्या हातापायांच्या बळावर वर जायचे. पायात घट्ट रबरी तळाचे बूट, कमरेला खडूच्या भुकटीची पिशवी, खाली जाड गादी. आणि मागे हात वर करून उभा असलेला एक मित्र. आपण पडलो तर डोके गादीबाहेर आपटू नये, एवढेच त्याचे काम. अशा चढाईला ते ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. एखादा प्रॉब्लेम तासाभरात सुटतो, एखाद्याला वर्षे लागतात. थंडीत तो रात्रभर प्रवास करून हंपीला जातो आणि तुंगभद्रेच्या पलीकडे आनेगुंदीच्या बाजूला चढाई करतो. गार, कोरड्या हवेत बोटांना घाम कमी येतो आणि ग्रॅनाइटची पकड चांगली मिळते.

मग तो गंभीर झाला. “फादर, खडकावर असलो की प्रबंध आठवतो. प्रबंधासमोर बसलो की खडक आठवतो. दोन्हीकडे मी चोरासारखा असतो. मला शिष्यवृत्ती मिळते ती लोकांच्या पैशातून. मग हंपीत घालवलेला दिवस ही चोरी नाही का?”

मी फारसा विचार न करता उत्तर दिले, “आधी पीएच.डी. पूर्ण कर. खडक काही पळून जात नाहीत.” शहाणपणाचा सल्ला दिला म्हणून मी स्वतःवर खूशही झालो.

त्याने माझे ऐकले. बूट मित्राला देऊन टाकले. नाताळला तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. काम पुढे सरकले नव्हते. खडकाचे रिकामे झालेले तास प्रबंधाला मिळालेच नाहीत. ते मोबाईलने आणि चिंतेने खाल्ले. त्याची आई मला म्हणाली, “फादर, पोरगा घरात असतो, पण घरात नसतो.”

माझा सल्ला चुकला होता. का चुकला, याचा मी बरेच दिवस विचार केला.

पहिले म्हणजे, त्याचे काम कसे असते हेच मला ठाऊक नव्हते. नारायणगावजवळ खोडद येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे मिळून एक दुर्बीण म्हणून काम करतात. तिच्यावर वेळ मिळवण्यासाठी कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. निरीक्षण काही तासांचे. पण त्यात मिसळलेला विजेच्या तारांचा आणि मोबाईलचा गोंगाट वेगळा काढण्यात पुढचे कित्येक महिने जातात. अंधार पडला की शेतकरी घरी येतो, ठरलेली लोकल पकडून नोकरदार घरी येतो. संशोधकाला मात्र ‘आजचे काम संपले’ असे सांगणारे कोणीच नसते. न संपणारे काम माणसाचा दिवसच नव्हे, तर विश्रांतीही गिळून टाकते.

दुसरी चूक अधिक खोल होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात धनुष्याचा जुना दृष्टांत वाचला होता. सतत ताणलेले धनुष्य एक दिवस तुटते, तसेच मनाचे. अक्वायनस तिथेच थांबत नाहीत. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसा खेळाचा अभाव हाही दोषच, असे ते म्हणतात. मी यातले पहिले अर्धे लक्षात ठेवले होते, दुसरे विसरलो होतो.

यावर कोणी म्हणेल, “म्हणजे काम नीट व्हावे म्हणून थोडा खेळ हवा, एवढेच ना?” नाही. तसे म्हटले तर खडक हे प्रबंधाचे औषध ठरते आणि काम पुन्हा मालक होऊन बसते. ॲरिस्टॉटलने सांगितले होते की आपण निवांतपणासाठी काम करतो. आपण त्याचे उलटे करून ठेवले आहे. काही गोष्टी कशासाठी तरी नसतात. त्या स्वतःच चांगल्या असतात. थंडीतल्या सकाळी खडकावर हात ठेवणे ही तशी एक गोष्ट असू शकते.

आणि ‘खडक पळून जात नाहीत’ हे माझे वाक्य? खडक राहतात, पण माणूस राहतोच असे नाही. ट्युरिनचा पिएर जॉर्जो फ्रासाती खाण अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि गिर्यारोहकही. १९२५ साली, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी, पदवी हाती येण्याआधीच तो वारला. ‘आधी पदवी, मग डोंगर’ असे सांगून कोणी त्याला घरी बसवले असते, तर त्याच्या वाट्याला डोंगर आलेच नसते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले. दुसरे उदाहरण खगोलशास्त्रातलेच. लायमन स्पिट्झर यांनी १९४६ साली अवकाशात दुर्बीण ठेवण्याची कल्पना सविस्तर मांडली. हबल दुर्बीण वर गेली ती १९९० साली. मधल्या काळात, १९६५ साली, त्यांनी सहकारी डोनाल्ड मॉर्टन यांच्यासह कॅनडातल्या बॅफिन बेटावरचे माउंट थॉर हे शिखर पहिल्यांदा सर केले. एका आयुष्यात दोन प्रेमे मावू शकतात.

मग मोजमाप कुठून आणायचे? याचे उत्तर मला त्या तरुणाकडूनच मिळाले. त्या नाताळात मी त्याची क्षमा मागितली आणि विचारले, “खडकावर तोल कसा सांभाळतोस?” मला वाटले, तो तराजूसारखे काही सांगेल. तो म्हणाला, “नवशिका घाबरून दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा भार ठेवतो. मग कोणताच पाय उचलता येत नाही, आणि पाय थरथरू लागतात. एका पायावर पूर्ण भार टाकला तरच दुसरा मोकळा होतो. आणि फादर, गंमत म्हणजे अर्धवट टेकलेला पाय घसरतो. पूर्ण भार दिलेला टिकतो.”

बोलता बोलता तो स्वतःच थांबला.

आपण तोल म्हणजे वाटणी समजतो: इतके तास याला, इतके त्याला. खरा तोल म्हणजे जिथे आहोत तिथे पूर्ण असणे. मात्र पाय कधी बदलायचा हे आपल्या लहरीवर नसते. ते आपण दिलेल्या शब्दावर असते. दुर्बिणीची वेळ मिळाली असेल, सहकारी आकडेमोडीची वाट पाहत असेल, तर तिथेच असले पाहिजे. मित्र खडकावर असेल आणि आपण खाली हात वर करून उभे असू, तर मनात प्रबंध घोळवणे हाही अपराध. शिष्यवृत्ती प्रामाणिक कामासाठी मिळते. चोवीस तास अपराधी वाटून घेण्यासाठी नाही.

त्याने बूट परत मागून घेतले. आता आठवड्यातला एक दिवस खडकाचा, त्या दिवशी लॅपटॉप खोलीवर. निरीक्षणाच्या आणि काम सोपवण्याच्या आठवड्यात मात्र खडक नाही, कितीही थंडी पडो. प्रबंध अजून पूर्ण झालेला नाही. वेळेत होईल की नाही, हे त्यालाही ठाऊक नाही. पण गेल्या महिन्यात त्याची आई म्हणाली, “आता घरी येतो तेव्हा जेवायला बसतो, बोलतो.”

आपल्या घरात असा कोणी असेल, तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ असे विचारण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारू या: “बाळा, आज तुझा भार कोणत्या पायावर आहे?” आणि तो स्वतःलाही विचारू या.

आपला,
फादर