वाट कुणाच्या हातात?

मी भाडं ठरवणारा कोड लिहितो. पाऊस आला, मागणी वाढली, गाड्या कमी पडल्या की आमच्या ॲपवरचं भाडं आपोआप चढतं. गावी किराणा दुकान चालवणाऱ्या काकांना हे समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अडकलेल्या माणसाकडून जास्त पैसे घ्यायचे, आणि ते तू लिहितोस?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं: भाडं चढलं की घरी बसलेले चालक बाहेर पडतात, नाही चढलं तर कुणालाच गाडी मिळत नाही. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

हे उत्तर कुठवर टिकतं, ते बघायला मी टोकाचं उदाहरण घेतलं. वेढ्यातलं सारायेव्हो.

बोस्नियाच्या या राजधानीला बोस्नियन सर्ब फौजांनी एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ वेढून ठेवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या विमानांतून मदत यायची: पीठ, तांदूळ, तेल, डबाबंद मांस. ताज्या भाजीसाठी, कॉफीसाठी, साबणासाठी बाजारच गाठावा लागे. स्थानिक चलनावर भरवसा उरला नव्हता. जर्मन मार्क चालत, आणि सिगारेटही. शहरातला तंबाखूचा कारखाना वेढ्यातही सुरू राहिला. कागद संपला, तेव्हा पाकिटं छापील रद्दीची होऊ लागली. मदत म्हणून मिळालेले डबेही बाजारात विकायला येत.

बाजारात जाणं जिवावरचं होतं. ५ फेब्रुवारी १९९४ ला, शनिवारी दुपारी, मार्काले बाजारात उखळी तोफेचा गोळा पडला आणि ६८ माणसं मेली. २८ ऑगस्ट १९९५ ला त्याच बाजाराजवळ आणखी ४३. तरीही लोक जातच राहिले, कारण पोट थांबत नाही.

अशा शहरात चढ्या भावाने कांदे विकणारा नफेखोर की अन्नदाता? माझं उत्तर सांगतं, अन्नदाता. भाव चढा नसता, तर गोळ्या चुकवत कुणी पोतं आणलं असतं का? १९९३ मध्ये विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला गेला. वाकून चालावं लागे असा. त्यातून सैनिक, शस्त्रं, जखमी आणि पिठाची पोती जात-येत. पण बोगदा लष्कराच्या ताब्यात होता आणि परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणजे भाव सगळ्यांना दिसत होता, पण त्याला प्रतिसाद देण्याची मुभा ठरावीक लोकांनाच होती.

पीटर अँड्रियास या अभ्यासकाने या वेढ्याच्या काळ्या बाजारावर पुस्तक लिहिलं आहे. त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की वेढा घालणाऱ्या बाजूकडूनही माल आत विकला जात होता. आघाडीच्या दोन्ही बाजूंना वेढ्यावर कमावणारी माणसं होती. त्यांच्यासाठी वेढा हा धंद्याचा अडथळा नव्हता, भांडवल होतं.

इथे माझं उत्तर तुटतं. भाव हे आमंत्रण असतं, पण वाट मोकळी असेल तरच. वाट कुणीतरी अडवून धरली असेल, तर तोच भाव नाक्यावरची वसुली होतो, आणि वसुली करणाऱ्याला नाका उठायला नको असतो. पाठीवर पोतं आणणारा आणि परवाने वाटणारा, दोघांच्या कांद्याचा भाव एकच असू शकतो. त्यात जोखमीचं मोल किती आणि वसुली किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून नुसत्या भावावरून नीतीचा निवाडा करता येत नाही. वाट बंद राहण्यात कुणाचा फायदा आहे, ते विचारावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात शहराच्या एका भागाला जोडणारे रस्ते पाण्याखाली गेले. बाहेरची एकही गाडी आत जाऊ शकत नव्हती. माझा कोड भाडं चढवतच राहिला. आमंत्रण कुणालाच पोचणार नव्हतं. आत असलेल्या मोजक्या गाड्या ज्यांना परवडल्या, त्यांना मिळाल्या.

नंतर मी कमाल मर्यादा सुचवली. सहकारी म्हणाला, "मग गाडी कुणाला? ज्याने आधी बटण दाबलं त्याला? हे जास्त न्याय्य कसं?" प्रश्न खोटा नाही. २०२० च्या टाळेबंदीत काकांनी जुन्याच भावाने, घरटी दोन किलो साखर दिली. पण आधी ओळखीच्यांना. गावाबाहेर अडकलेल्या मजुरांपर्यंत पोचेस्तोवर पोतं तळाला गेलं होतं, हे ते स्वतःच सांगतात. टंचाईत कसंही वाटलं, तरी कुणावर तरी अन्याय होतोच. पण दुकानासमोरचा रस्ता बंद राहण्यात काकांचा दमडीचा फायदा नव्हता. आम्हाला मात्र प्रत्येक भाड्यातला टक्का मिळतो.

म्हणून प्रस्तावात मी एवढंच ठेवलं: रस्ते बंद असताना वाढीव भाड्यातला आपला हिस्सा शून्य करावा. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "चांगलं केलंस. पण मग गेल्या पावसाळ्यातले पैसे?"