लाल माती कुठून आणलीस?

उभाच राहा. तुझ्या पानाची ती लिंक काल रात्री उघडली. सोबत लिहिलं होतंस, 'सर, एकदा बघा आणि लाइक करा.' बघितलं. लाइक केलं नाही.

पहिलीच ओळ काय, तर 'ॲग्री एक्स्पर्ट, मेंटॉर, चेंजमेकर, फाउंडर अँड सीईओ'. कसला सीईओ रे? बसस्टँडजवळच्या गाळ्यात तू, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली एक मोडकी. त्याच्या खाली 'दहा वर्षांहून अधिक अनुभव'. लेका, २०२१ साली तू पदवीचे पेढे घेऊन या घरी आला होतास. उरलेली वर्षं कुठली जोडलीस? शाळेच्या बागेला झारीने पाणी घालायचास, तीही धरलीस की काय?

आणि तो वरचा फोटो. ठिबकच्या नळ्या, हिरवेगार वाफे, मागे डोंगर. दिसायला झकास. पण मोठा करून बघ जरा. माती कसली आहे? लाल. लाल! पाथरीपासून गोदावरीपर्यंत कुठेही कुदळ मार, काळी माती निघेल. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही लाल माती कुठून आणलीस? कासापुरीचा किंवा लिंब्याचा शेतकरी तुझी इंग्रजी वाचत बसणार नाही, तो आधी माती बघेल. फोटो उचललेला आहे हे त्याला तिथल्या तिथे कळेल, आणि मग खाली तू शंभर गोष्टी खऱ्या लिहिल्यास तरी त्याच्या लेखी तू थापाड्याच.

शिक्षणाच्या रकान्यात 'नामांकित विद्यापीठातून पदवी'. नाव का नाही रे? परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभं आहे. भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटावर 'परभणी क्रांती' हे नाव कुठल्या कुठे जाऊन पोचलंय. पाकीट छापणाऱ्याला परभणीची लाज वाटली नाही, तुला वाटली. विद्यापीठाचं पूर्ण नाव लिही, वर्ष लिही. ज्याला शंका येईल तो चौकशी करेल, आणि ती त्याला करता यावी म्हणूनच लिहायचं असतं.

'इंटरनॅशनल स्पीकर' म्हणजे काय ते मी तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, मोबाईलवर एक मीटिंग होती, त्यात ह्याने एक प्रश्न विचारला. त्या हजेरीच्या प्रमाणपत्राची फ्रेम करून टाकलीस! पुरस्काराचं तर मी बोलतच नाही. नोंदणी शुल्क भरून मिळालेली ढाल आहे ती, शुल्काची पावतीही तिथेच चिकटव. शिफारशी? एक तुझ्या मेव्हण्याने लिहिलेली, आणि त्याच्या पानावरची तू लिहिलेली. वा!

तू पाथरीचा आहेस म्हणून मला जास्त राग येतो. दावा केला की काय होतं, हे या गावाला कोणी शिकवायला नको. साईबाबांचा जन्म इथला, हे आपण सांगतो. १ ऑक्टोबर २०१७ ला खुद्द राष्ट्रपतींनी शिर्डीत पाथरीचं नाव घेतलं. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले, आणि १९ तारखेला शिर्डी कडकडीत बंद. शिर्डीकरांचं म्हणणं काय होतं? साईसच्चरितात जन्मस्थान दिलेलं नाही, मग तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? राष्ट्रपती झाले, मुख्यमंत्री झाले, तरी 'कशावरून' हा प्रश्न जागेवरच राहिला. कोण बरोबर, कोण चूक, ते सोड. पण या वादात विश्वास खेरांचं नाव अजून का निघतं, त्याचा विचार कर. हा माणूस सत्तरच्या दशकात इथे आला, लोकांना भेटला, घराण्यांची माहिती काढली, आणि काय सापडलं ते कागदावर मांडलं. ज्याला पटत नाही त्यालाही खोडायला त्या कागदापासूनच सुरुवात करावी लागते. तुझ्या पानावर खोडण्यासारखं काय आहे? 'पॅशनेट' हा शब्द कोण आणि कसा खोडणार?

वर्गात निजामशाही शिकवली होती, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. अहमदनगरची गादी उभी करणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन, त्याचं मूळ पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातलं. हे पाथरीकरांनी वेशीवर पाटी लावून सांगितलं नव्हतं. विजापूरच्या दरबारात बसून इतिहासकार फेरिश्त्याने ते लिहिलं, म्हणून इतिहासात आलं. ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाने लिहिलेलं टिकतं. मेव्हण्याने लिहिलेलं नाही.

हसू नकोस. पुढचं हसण्यासारखं नाही. 'सर्व पिकांवरील सर्व किडींवर शंभर टक्के खात्रीशीर उपाय' असं तू छापलंयस. २०१७ साली बोंडअळीच्या वर्षात यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन वीसएक माणसं गेली, शेतकरी आणि मजूर. दोन औषधं एकत्र करावीत का, वारा कुठल्या दिशेने असावा, तोंडाला काय बांधावं, हे माणूस कोणाला तरी विचारतो. तुझं पान वाचून तो तुला विचारणार. 'एक्स्पर्ट' ह्या शब्दावर भरवसा ठेवून तो पाठीवर पंप चढवणार. किडींचं तुला किती कळतं ते मला माहीत आहे. कपाशीपुरतं बरं कळतं, बाकी पुस्तक बघावं लागतं. मग कपाशीपुरतंच लिही की! बाकीसाठी कृषी विज्ञान केंद्रात विचारा, असं सांगायला काय जीव जातो?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? जे लिहायला हवं त्याचा पानावर पत्ताच नाही. कालव्याखालची ती चोपण जमीन, विसरलास? पावसाळ्यात पाय काढता येत नव्हता, वाळली की ढेकूळ फुटत नव्हतं. मातीचा सामू साडेआठच्या वर. तू माती तपासून घेतलीस, आधी पाणी निघायला चर काढायला लावलेस, अहवाल बघून जिप्समचा हिशोब केलास, धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडलास. पहिल्या वर्षी काहीच फरक पडला नाही, तेव्हा इथेच तोंड पाडून बसला होतास. दुसऱ्या वर्षी त्या रानात गहू उभा राहिला. जायकवाडीचं पाणी आल्यापासून अशी रानं गावोगाव आहेत, त्यांच्या मालकांना नेमका हाच माणूस हवा आहे. आणि तू त्यांना 'चेंजमेकर' दाखवतोस!

वकिलांकडे बघ. त्यांना जाहिरातीची बंदी. २००८ मध्ये बार कौन्सिलने संकेतस्थळाची मुभा दिली ती एवढीच: नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कुठल्या प्रकारचं काम करतो ते. विशेषणाला जागाच नाही. त्याने एकाही चांगल्या वकिलाचं काम अडलं नाही. तुझ्या पानावर मात्र विशेषणं पंचवीस आणि फोन नंबर गायब. शेतकऱ्याने तुला भेटायचं कसं, स्वप्नात?

घे तो मोबाईल. माझ्यासमोर खोड. सीईओ जाऊ दे. दहा वर्षं जाऊ दे. ढाल, मेव्हणा, लाल माती, सगळं जाऊ दे. आता लिही, मराठीत लिही: 'चोपण जमीन सुधारणा आणि कपाशी, पाथरी तालुका.' खाली पदवी, विद्यापीठ, २०२१, फोन. त्याच्या खाली त्या रानाची गोष्ट. आधीचा मातीचा अहवाल, नंतरचा अहवाल, एकरी किती जिप्सम पडलं, खर्च किती आला. पहिलं वर्ष वाया गेलं तेही घाल, तुझ्या भाषेत, कुठल्या मशीनकडून सजवून घेऊ नकोस. फोटो त्याच रानाचा, तुझा मळका पायजमा दिसला तरी चालेल.

पण त्याआधी त्या रानाच्या मालकांना फोन लाव. मुलगा उचलेल, त्याच्याशी बोलून भागवू नकोस, वडिलांना द्या म्हण. फोटो टाकू का, नाव टाकू का, विचार. नको म्हणाले तर नाव गाळ, गट नंबरही गाळ, नुसतं गाव आणि वर्ष ठेव.