दाराशी लावलेले झाड

परभणीच्या एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे, "आपल्या हातांनी लावलेले झाड तोडणे हे पाप की नाही?" हकीकत अशी. घर बांधले तेव्हा लवकर हिरवे दिसावे म्हणून भिंतीपासून चार हातांवर त्यांनी सुरू लावला. आज तो घराहून उंच झाला आहे. भिंतीला तडा गेला आहे आणि वादळात झाड कलते ते शेजाऱ्याच्या पत्र्यांकडे. पत्र्यांखाली लेकरे निजतात.

आपली काळी भारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. झाड भिंतीलगत असले म्हणजे मुळे तिथलाच ओलावा शोषतात, जमीन अधिकच आकसते आणि पाया खचू लागतो. यात झाडाचा काय अपराध? झपाट्याने वाढणे हा सुरूचा स्वभावच. पुढचे पाहिले नाही ते आपण. आणि अडचण होताच झाडाला वैरी म्हणतो! लाडाने वाढविलेल्या आपल्या सवयींचेही असेच होत नाही काय?

नाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. आळंदीस अजानवृक्षाचे मूळ माउलींच्या कंठास लागले, नाथांना दृष्टांत झाला आणि ते आळंदीस गेले. त्यांनी मूळ दूर केले. वृक्षावर राग धरला नाही. जेवढे बाधते तेवढेच काढावे, हा बोध आम्ही त्यातून घेतो.

पण बोध घ्यावा, नक्कल करू नये. घराकडची मुळे सरसकट तोडली तर झाडाचा एका बाजूचा आधार जातो आणि ते वाऱ्यात उन्मळते. आधी जाणत्या माणसास झाड व पाया दाखवावा, शेजाऱ्याकडच्या फांद्या उतरवाव्या. एवढ्याने धोका टळत नसेल तर 1975 च्या कायद्याप्रमाणे महानगरपालिकेची परवानगी घेऊन झाड उतरवावे. झाडाची दया येते आणि लेकरांची येत नाही, तर ती दया कसली, बाबा? तो नुसता आपल्या हळव्या मनाचा सांभाळ झाला.

दोष आहे तो लावताना न पाहण्याचा. त्याचे प्रायश्चित्तही सोपे आहे: मोकळ्या जागी कडुनिंब लावावा आणि परभणीचे दोन-तीन उन्हाळे त्याला हाताने पाणी घालावे. रामकृष्णहरि.