उपासकाने फळ्यावर काय लिहावे?

नव्याने धम्मात आलेल्या बंधु-भगिनींनो,

आपल्या बहुतेक विहारांच्या दाराशी एक काळा फळा असतो. पौर्णिमेची तारीख, वंदनेची वेळ, वर्गणीचा हिशेब, कोणी गेले असेल तर पुण्यानुमोदनाचा दिवस एवढे त्यावर लिहिलेले असते. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या फळ्याचा अर्धा भाग एका तरुणाने हौसेने आपल्याकडे घेतला आहे. दर रविवारी तो त्यावर चार-सहा ओळी लिहितो. कधी धम्माविषयी, कधी राजकारणाविषयी, कधी जगात घडलेल्या एखाद्या गोष्टीविषयी. त्याला हे काम कोणी सांगितलेले नाही आणि त्याचे त्याला काही मिळतही नाही. कारखान्यातली पाळी संपवून येतो आणि खडू हातात घेतो. ही हौस आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आणि १९३० साली 'जनता' काढले. 'जनता'चेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. ही पत्रे चार माणसे जमवून मोठ्याने वाचून दाखवणारे लोक पगारी पत्रकार नव्हते. म्हणून हा तरुण फळ्याकडे वळला की मला बरे वाटते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्याच्या चुकीविषयी आहे, आणि माझ्याही.

२२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळच्या बैसरन येथे २६ माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले ६ जण होते. हल्लेखोरांनी धर्म विचारून मारले, असे जिवंत राहिलेल्यांनी सांगितले. त्या रविवारी आमच्या तरुणाने फळ्यावर पाच ओळी लिहिल्या. पहिल्या चार ओळींत मेलेल्यांविषयी दुःख होते आणि एवढे लोक जातात त्या ठिकाणी पहारा का नव्हता, असा सरकारला प्रश्न होता. पाचव्या ओळीत एका सबंध धर्माच्या लोकांविषयी एक वाक्य होते. ते वाक्य मी येथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही ते ऐकलेले आहे. नाक्यावर, लोकलमध्ये, कदाचित आपल्याच घरात जेवताना.

मी ते वाचले, चपला काढल्या आणि वंदनेला आत गेलो. चौथे शील सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटले. मला ते वाक्य खटकले होते की नाही, हे आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. खटकले असते तर मी काही बोललो असतो.

बोलली ती एक म्हातारी. ती मराठवाड्यातून मुंबईला आलेली, नातवाकडे राहते. तिला वाचता येत नाही. नातीने फळा वाचून दाखवला. वंदना संपल्यावर ती त्या तरुणाला म्हणाली, "लेकरा, आमच्या गावातबी असंच म्हणत व्हते. ह्यांची समदी जातच तसली, एकबी सोडू नगा. कुनी काय केलं ते कुनी इचारलं न्हाई. घर माझं जळालं."

ती कोणत्या दिवसांविषयी बोलत होती, हे नव्या पिढीच्या वाचकांना सांगणे जरूर आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांतून आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, माणसे मारली, बायाबापड्या मुलांना घेऊन रात्री गाव सोडून पळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. या म्हातारीने विद्यापीठ पाहिलेले नव्हते. ठराव कोणी मांडला तेही तिला ठाऊक नव्हते. तिचे घर जळाले ते तिच्या जन्मामुळे. दहशत हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला त्याच्या कितीतरी आधी आपल्या आजी-आज्यांनी ती वस्तू पाहिलेली आहे.

आता तुम्ही दीक्षा घेतली त्या दिवसाची आठवण करा. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव काढले, गळ्यातले गंडेदोरे तोडले. हे सर्व कशासाठी केले? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था नाकारण्यासाठी. वसल सुत्तात भगवंतांनी अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाला हेच सांगितले आहे की माणूस नीच किंवा श्रेष्ठ ठरतो तो त्याच्या कर्माने, जन्माने नव्हे. हे सुत्त आपल्याला फार आवडते, कारण ते आपल्या बाजूने बोलते. पण ज्या नियमाने आपली सुटका झाली तो नियम दुसऱ्यालाही लागू पडतो की नाही? बैसरनच्या मैदानावर ज्यांनी बंदुका चालवल्या त्यांनी माणसाने काय केले हे विचारले नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहिले. आमच्या फळ्यावरच्या पाचव्या ओळीनेही तेवढेच पाहिले होते. बंदूक आणि खडू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ते मी पुसत नाही. मात्र माणूस मोजण्याचे माप दोन्हीकडे एकच होते. आणि त्या २६ जणांत एक स्थानिक मुसलमान घोडेवाला होता. तो पर्यटकांना वाचवायला गेला आणि मेला. फळ्यावरची ती ओळ त्यालाही लागू होत होती.

तरुण गप्प बसला नाही. त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता आणि त्याला उत्तर द्यायला हवे. तो म्हणाला, "मग काका, आपण बौद्ध म्हणून काय करायचं? मारणाऱ्यांना मैत्रीभावना द्यायची आणि आपण मरायचं?"

अहिंसेविषयी आपल्या नवदीक्षित घरांत फार गोंधळ आहे. काहींना वाटते बौद्ध झाले म्हणजे पोलिसात किंवा सैन्यात जाणेही पाप. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा नीट विचार केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते दाखवतात. आणि अहिंसा हे बुद्धांचे तत्त्व होते, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे, असे सांगतात. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखात त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीची हकीकत घेतली आहे. सेनापतीचा प्रश्न आमच्या तरुणाचाच होता. अपराध्याला शिक्षा करावी की नाही? आपली घरेदारे राखण्यासाठी लढावे की नाही? त्याला मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा की जो शिक्षेला पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे; शिक्षा देणाऱ्याच्या मनात मात्र द्वेष असू नये, आणि दुष्टपणापुढे शरण जाणे हा धम्म नव्हे.

द्वेषावाचून लढणे म्हणजे काय, हे पुस्तकातले बोलणे वाटेल. म्हणून मुंबईतलीच गोष्ट पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या बंदुकीची नळी हाताने धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. तो हल्लेखोर जिवंत सापडला, त्यामुळे कट कोठे शिजला हे न्यायालयापुढे मांडता आले. पुढे खटला चालला. आरोपीला वकील दिला गेला. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. (फाशीची शिक्षा असावी की नसावी हा वेगळा विषय आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेत ती रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते, एवढेच येथे नमूद करतो.) त्याच खटल्यात कटात सामील असल्याचा आरोप असलेले दोन भारतीय मुसलमान पुराव्याअभावी सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम केली. १६६ माणसे मेली होती, शहर संतापाने पेटले होते, तरी न्यायालयाने प्रत्येकाचे कर्म वेगळे तपासले. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईत दफनासाठी जागा द्यायला मुसलमानांच्याच कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नकार दिला, हेही आपण विसरू नये. ओंबळे यांनी नळी धरली तेव्हा त्यांच्या मनात काय होते ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी काय केले ते ठाऊक आहे.

आता एक कडू गोष्ट. ती सांगितली नाही तर वरचे सगळे दुसऱ्यांना उपदेश केल्यासारखे होईल.

बौद्ध म्हणवून घेतल्याने माणूस द्वेषातून आपोआप सुटत नाही. १९५६ साली आपण नागपूरला दीक्षा घेतली. त्याच वर्षी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भिक्खूंच्या पाठिंब्यावर बंडारनायके पंतप्रधान झाले आणि एकट्या सिंहली भाषेला राजभाषा करणारा कायदा झाला. तीन वर्षांनी, २५ सप्टेंबर १९५९ रोजी, त्याच पंतप्रधानांवर त्यांच्या घरी गोळ्या झाडण्यात आल्या. गोळ्या झाडणारा माणूस चीवर घातलेला भिक्खू होता. कटाचा सूत्रधार केलनियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख भिक्खू होता. पुढे जुलै १९८३ मध्ये त्या देशात तमिळ लोकांची घरे-दुकाने जाळली गेली. तमिळ वाघांनी १४ मे १९८५ रोजी अनुराधपुरात बोधिवृक्षाच्या परिसरात भाविकांवर गोळ्या चालवल्या आणि २५ जानेवारी १९९८ रोजी कँडीच्या दंतधातु विहारावर बॉम्बहल्ला केला. ब्रह्मदेशात २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान सैन्याच्या अत्याचारामुळे बांगलादेशात पळाले, आणि त्यांच्याविरुद्ध लोकांना आधीपासून भडकवणाऱ्यांत चीवरधारीही होते.

या गोष्टी वाचून कोणी उद्या आपल्या विहाराबाहेर लिहिले की "बौद्ध म्हणजे असेच", तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, ते कृत्य त्या माणसांचे आहे, धम्माचे नाही, आणि माझ्या मुलाबाळांचा त्यात काय दोष? हे उत्तर बरोबरच आहे. तेच उत्तर शेजारच्या गल्लीतला मुसलमान देतो तेव्हा आपण ते ऐकून घेतो काय? बामियानच्या मूर्ती २००१ साली फोडल्या गेल्या तेव्हा आपल्या काळजात कळ उठली. ७ जुलै २०१३ रोजी बुद्धगयेत महाबोधी विहारात स्फोट झाले तेव्हा आपण रस्त्यावर आलो. राग यावा अशाच या गोष्टी होत्या. बुद्धगयेच्या गुन्ह्यात पाच जणांना २०१८ साली न्यायालयाने जन्मठेप दिली. पाच जणांना, त्यांच्या गावांना नाही.

आणि शिक्का मारण्याचा धंदा आपल्यावरही चालतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातील चौघांना मारले गेले. त्याविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा त्यामागे नक्षलवादी असल्याचा संशय सरकारातून बोलून दाखवला गेला. मोर्च्यात गेलेल्या बायकांना तो शब्द किती लागला असेल!

मग उपासकाने लिहू नये काय? अवश्य लिहावे, कडकही लिहावे. अभयराजकुमार सुत्तात एक प्रसंग आहे. राजपुत्र अभय भगवंतांना पेचात पकडायला आला होता. तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असे त्याने विचारले. हो म्हटले तरी पंचाईत, नाही म्हटले तरी पंचाईत. राजपुत्राच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजपुत्र म्हणाला, एका हाताने डोके धरीन, दुसऱ्या हाताचे बोट वाकवून खडा बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची दया येते. तेव्हा भगवंतांनी सांगितले की तथागतही असेच बोलतात. गोष्ट खरी आहे काय, हिताची आहे काय, हे ते आधी पाहतात. मग अप्रिय असली तरी योग्य वेळी बोलतात. खोटे आणि अहिताचे ते बोलत नाहीत, मग ते ऐकणाऱ्याला कितीही गोड लागो.

आमच्या तरुणाच्या पाच ओळी या कसोटीला लावून पाहा. पहारा का नव्हता, ही ओळ सरकारला अप्रिय आहे, पण खरी आणि हिताची आहे. ती पुसू नये. कोणी म्हणेल की अशा वेळी सरकारला प्रश्न विचारणे देशद्रोह आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातली भक्ती हा अधःपाताचा मार्ग असल्याचा इशारा दिला होता, आणि त्याच भाषणात रक्तपाताचे मार्ग सोडून संविधानाचे मार्ग धरा असेही बजावले होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी सांगितल्या. पाचवी ओळ मात्र सर्वांना गोड लागली होती. माझ्यासकट कोणालाच ती अप्रिय वाटली नाही, म्हणून तर मी चपला काढून आत गेलो.

त्या दिवशी तरुणाने ओळ लगेच पुसली नाही. म्हातारीशी वाद घातला, माझ्याशीही घातला, आणि रागाने घरी गेला. दोन दिवसांनी मी पाहिले तेव्हा पाचवी ओळ नव्हती. त्या जागी खडूचा पांढरा पट्टा होता. त्याने पुसली की दुसऱ्या कोणी, हे मी विचारले नाही. त्यानंतरच्या रविवारी त्याने फळ्यावर नेहमीप्रमाणे लिहिले. राजकारणावरच होते, आणि एका पक्षावर टीका होती. ती मला पटली नाही.

सिंह सेनापतीच्या उत्तरावर आमचा वाद अजून चालू आहे. द्वेष न ठेवता शिक्षा देता येते हे त्याला खरे वाटत नाही. आमच्याकडे वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. अहिंसेचे प्रकरण येईल त्या दिवशी ते मी वाचायचे असे ठरले होते. ते आता त्याने वाचावे असे मी सुचवले आहे. तो म्हणाला, "वाचीन, पण मध्ये थांबून प्रश्न विचारीन."