दम कुठून आणायचा

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग साधारण ६० मैलांवर आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर पोहोचतो. १९७३ साली बोगदा खुला झाला आणि लव्हलँड पासची, जवळजवळ १२,००० फुटांवरची वळणावळणाची वाट बहुतेकांना टाळता येऊ लागली. चढ मात्र टळला नाही. बोगद्याकडे जाताना काही ठिकाणी तो ७ टक्क्यांपर्यंत जातो. कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांना बोरघाटात मागून जादा इंजिनं लावतात, तो चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. इथला १४ ला १. रुळावरचं पोलादी चाक घसरतं आणि रबरी टायर रस्ता धरून ठेवतो, तेव्हा ही तुलना पुरती खरी नाही. पण त्या घाटातून आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला अंदाज येतो. शिवाय इथे मागून ढकलायला कोणी येत नाही.

आमचा पिकअप चार सिलिंडरचा, टर्बो नसलेला, कागदावर १६० अश्वशक्तीच्या आसपासचा. मागे लहानसा कॅम्पर. गाडी, कॅम्पर, माणसं, सामान आणि दोन दिवसांचं खाणंपिणं धरून साडेतीन टनांचा संसार. सपाट रस्त्यावर हे सगळं निमूट चालतं. चढ लागला की गाडी ओढत नाही, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी मागे रांग लागते. मग डेन्व्हरच्या मराठी घरांतल्या गप्पांमध्ये सल्ले सुरू होतात: सायलेन्सर बदल, एअर फिल्टर मोठा बसव, नाहीतर सरळ मोठा ट्रक घे.

मी आधी कागद-पेन्सिल घेतली. साडेतीन टन वजन ६ टक्के चढावर ताशी ८० किलोमीटरने न्यायचं, तर ते नुसतं वर उचलायलाच ६० अश्वशक्ती जाते. वारा कापायला आणि टायर फिरवायला आणखी तीसपस्तीस. म्हणजे चाकांपाशी ९५ च्या आसपास हवी. आता इंजिनाकडे काय आहे ते पाहू. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते आणि जितकी हवा आत जाईल तितकंच इंधन जळतं. ११,००० फुटांवर १६० चे ११० सुद्धा उरत नाहीत. त्यातले काही गिअरबॉक्स आणि एक्सल खातात. चाकांपाशी नव्वदीच्या घरात काहीतरी पोहोचतं, तेही इंजिन पूर्ण वेगाने फिरत असेल तर. वेग ६० वर आणला की गरज ६५ वर उतरते. उचलण्याची ताकद वेगाच्या प्रमाणात कमी होते. वाऱ्याची त्याहून झपाट्याने, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. सगळी गोम इथे आहे. महागड्या सायलेन्सरने मिळणार असतील ते चारपाच अश्व, आणि पाय थोडा उचलल्याने वाचणार ते तीस.

ट्रकच्या जाहिरातीतला ओढण्याचा आकडाही याच संदर्भात वाचायला हवा. अमेरिकेत त्यासाठी जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. त्याची चढाची कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या रस्त्यावर बेतलेली आहे. सुमारे साडेअकरा मैलांचा चढ, बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. कसोटी कडक आहे, यात शंका नाही. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो, म्हणजे डेन्व्हर जिथे सुरू होतं त्याच्याही बराच खाली. तिथे उकाडा तपासला जातो, विरळ हवा नाही. म्हणूनच काही कंपन्यांच्या मार्गदर्शिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दर हजार फुटांमागे एकूण वजन २ टक्क्यांनी कमी धरा. आणि त्या कडक कसोटीतही अपेक्षा ४० मैलांचीच आहे, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. मला हे वाचून बरं वाटलं. उजव्या लेनमध्ये धोक्याचे दिवे लावून ट्रकवाल्यांच्या मागे रांगणं हा माझ्या गाडीचा अपमान नव्हता.

गाडीत खरंच काही करायचं असेल तर इंजिनाच्या मागच्या बाजूला बघावं, असं माझं मत झालं आहे. एक्सलचं गुणोत्तर ३.७३ वरून ४.१० केलं की त्याच गिअरमध्ये चाकाला १० टक्के जास्त जोर मिळतो. इंजिनात एका अश्वाची भर पडत नाही. इंजिन त्याची ताकद जिथे आहे त्या फेऱ्यांवर आणून ठेवलं जातं, इतकंच. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मात्र पुढचा आणि मागचा असे दोन्ही एक्सल बदलावे लागतात, आणि खर्च दुप्पट होतो. उलट, इथे हौसेने मोठे टायर बसवणारे पुष्कळ आहेत. ३१ इंचांचे काढून ३३ चे घातले की ६ टक्के जोर फुकट जातो, आणि वर तेच लोक गाडी चढत नाही म्हणतात. आमच्या गाडीला कंपनीचेच टायर आहेत. दिसायला ती जरा बापुडवाणी दिसते, हे कबूल.

फुकटचा उपाय म्हणजे खालचा गिअर. आपल्याकडे गाडी शिकवणारा पहिल्या दिवसापासून सांगतो, वरच्या गिअरला टाक, पेट्रोल वाचव, इंजिन ओरडू देऊ नको. तो कान घेऊन इथे आलेल्या माणसाला ४,५०० आरपीएमचा आवाज ऐकवत नाही. वास्तविक अशा लहान इंजिनाची ताकद तिथेच असते. वरच्या गिअरमध्ये कुंथत चढणं त्याला जास्त त्रासाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढावर खालीवर शोधाशोध करत राहिला की टॉर्क कन्व्हर्टर सुटा होतो, घसरतो, आणि त्या घसरणीची उष्णता ऑइलमध्ये उतरते. ओव्हरड्राइव्ह बंद करून एकच गिअर धरला की हे बरंचसं थांबतं. मी पैसे खर्च केले ते जादा ट्रान्समिशन कूलरवर आणि ऑइलचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. त्याने गाडीचा वेग तसूभरही वाढला नाही. घाबरणं मात्र बंद झालं.

पेट्रोलचंही एक आहे. कोलोरॅडोच्या पंपांवर ८५ ऑक्टेनचं स्वस्त पेट्रोल मिळतं, तर बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेलं असतं. कॅम्पर मागे असताना मी तरी ८५ भरत नाही.

वजनाबद्दल घरात एकमत नाही. ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड पाणी होतं. ते डोंगर चढवून नेऊन वर भांडी घासायला वापरायचं, हे मला पटत नाही, कारण कॅम्पिंगच्या जागी बहुधा नळ असतो. बायकोचं म्हणणं, नसला तर? आम्ही पाव टाकीवर तडजोड केली आहे. लोखंडी तवा आणि कुकर मात्र वाटाघाटीच्या बाहेर आहेत. ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर एकदा सगळं बिऱ्हाड नेऊन उभं केलं, तर घरच्या अंदाजापेक्षा भार बराच जास्त निघाला. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपच्याच पाठीवर पडतो, आणि तो दारावरच्या स्टिकरमधल्या मर्यादेत मोजायचा असतो, हेही त्या काट्यापाशीच नीट डोक्यात शिरलं. भार वाटून देणारी हिच बसवली तर तो पुढच्या आणि कॅम्परच्या चाकांवर पसरतो, गाडीचं नाक खाली येतं. मर्यादा मात्र वाढत नाही. विकणारे हे वाक्य सहसा उच्चारत नाहीत.

पहाटे निघावं. हवा गार म्हणजे थोडी दाट, रेडिएटरला आराम आणि रस्ता मोकळा.

मोठ्या ट्रकचा विषय अजून अधूनमधून निघतो. टर्बोचं इंजिन उंचीवर फारसं दमत नाही, हे खरं, आणि वर्षभर डोंगरात ओढायचं असेल तर तोच घ्यावा. पण मोठ्या ट्रकच्या मागे मोठा कॅम्पर येतो, हे मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे, आणि मग त्यांची तक्रार पुन्हा तीच. आम्हाला सध्या खर्च करायचा आहे तो उतारासाठी. चढावर ताकद कमी पडली तर गाडी फक्त हळू होते. परतीच्या वाटेवर डेन्व्हरकडे उतरताना तेच साडेतीन टन मागून रेटतात, आणि रस्त्याच्या कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे चढ बांधून ठेवलेले दिसतात. उतरतानाही गिअर खालचाच ठेवतो, पण कॅम्परच्या ब्रेकचा कंट्रोलर जुना झाला आहे. एक्सलचे पैसे तूर्त तिकडे वळवले आहेत.