घंगाळातलं पाणी

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पणजोबांपासून घर ख्रिस्ती. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ओसरीवर घरची उपासना व्हायची. आधी टिळकांचं भजन, मग वडील, म्हणजे दादा, योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय वाचायचे. येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट. मग आई घंगाळात पाणी आणायची आणि आम्ही भावंडं एकमेकांचे पाय धुवायचो. धाकटीला गुदगुल्या होऊन हसू फुटायचं.

मी दहा वर्षांचा असताना दादा म्हणाले, "भावंडांचे पाय कुणीही धुईल. आज तात्यांचे धू."

तात्या आमचे सालगडी. नुकतेच उसाला पाणी देऊन आलेले. टाचांच्या भेगांत चिखल. मी वाकलो तसे त्यांनी पाय मागं ओढले. "नगं मास्तर, लेकराकडनं असलं पाप नका करवू."

पेत्रानंही आधी नकोच म्हटलं होतं, असं दादांनी समजावलं. शेवटी तात्यांनी पाय पुढं केले, पण डोळे मिटून घेतले. दादांनी माझी पाठ थोपटली. मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी ते चारचौघांना सांगत सुटलो.

घरी आलो तर तात्या चहा पिऊन कपबशी विसळत होते. विसळून त्यांनी ती गोठ्याच्या कोनाड्यात पालथी घातली. तिची जागा कायम तीच. गावात पणजोबांना असाच वेगळा कप मिळायचा, हे सांगताना आजीचा गळा दाटून यायचा.

"आई, तात्यांची कपबशी बाहेर का गं?"

आई गप्प. दादांनी ऐकलं, तेही बोलले नाहीत. संध्याकाळी ती कपबशी फळीवर आमच्या कपांत दिसली. तात्या मात्र पुढं कितीतरी दिवस सवयीनं कोनाड्याकडंच जायचे.

आता नातवंडांसाठी मी घंगाळ मांडतो. लेकरांना वाकायला शिकवता येतं. नम्रता शिकवता येते का, हे मला अजून सांगता येत नाही. मी वाकलो खरा, पण उठलो तो फुगूनच. आणि तात्यांनी डोळे का मिटले, हे त्यांना कधी विचारलंच नाही. म्हणून पाय पुसून झाले की पोरांना एवढंच विचारतो, "बाळांनो, उद्या सकाळी घरात काय बदलायचं?"